भाकरीनं मोजलेली ओल

माझ्या लॅपटॉपमध्ये एक फाइल आहे. तिच्यात जमिनीच्या एका तुकड्याची नोंद अशी आहे: खड्डा क्रमांक एक, पाव भाकरी. खड्डा क्रमांक दोन, अर्धी भाकरी. खड्डा क्रमांक तीन, पाऊण भाकरी आणि थोडी चटणी. ही नोंद मी स्वतः टाइप केलेली आहे, आणि मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेली, मंचरला स्वतःचं मोजणीचं ऑफिस चालवणारी बाई आहे. हसायचं तर हसून घ्या. मीही पहिल्यांदा हसले होते.

भाकरी हे माप पाटकऱ्यांचं. पाटकरी म्हणजे कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या सांभाळणारा सरकारी माणूस. नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, तरी पारगावच्या बाजूला त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. पोस्टमनसुद्धा पाकीट हातात धरून पाटकरी कुठं राहतात असंच विचारायचा. मी त्यांना काका म्हणायचे. ते मला मॅडम म्हणायचे, आणि चिडले की पोरी.

शेतात कुठवर ओल आहे आणि कुठून कोरडं सुरू होतं, हे ठरवून द्यायचा त्यांना नाद होता. कुणाला घर बांधायचं असो, गोठा घालायचा असो, पॉलिहाऊस उभं करायचं असो, लोक त्यांना घेऊन जायचे. त्यांची पद्धत अशी. हातभर खड्डा घ्यायचा, पहारीनं आणि हातानं. खोरं चालत नसे, कारण खोऱ्यानं माती लिंपली जाते आणि पाण्याची वाट बुजते असं त्यांचं म्हणणं. मग काठावर मांडी घालून बसायचं, फडक्यातली भाकरी सोडायची आणि खड्ड्यात बघत बघत खायची. पाव भाकरीच्या आत तळाला पाणी जमलं तर जागा पक्की ओली. अर्ध्या-पाऊण भाकरीला जमलं तर काठावरची. अख्खी भाकरी संपून हात झटकले तरी खड्डा कोरडाच असेल, तर तिथं खुशाल घर बांधा. घड्याळ त्यांच्या मनगटावर होतं, चालूही होतं. मी एकदा म्हटलं, काका, मिनिटं लिहू या ना. त्यावर म्हणाले, घड्याळ बघनारा मानूस खड्डा बघत न्हाई.

यातली गोम अशी की जमीन जितकी कोरडी तितकं जेवण जास्त. ओल्या रानात दिवसाला दहा खड्डे व्हायचे, कोरड्यात चार खड्ड्यांत पोट तुडुंब. त्यामुळे ओल संपत आली की काम रखडायचं. मी म्हटलं, दोन भाकऱ्या मी खाते, लवकर उरकेल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी टेप कापून आखूड करायला निघालेय. तुमचं दात येगळं, म्हणाले, आनि तुमी भराभरा खाता. तेव्हापासून काकू माझ्यासाठी वेगळा चपातीचा डबा द्यायच्या. त्या डब्याला मोजणीत काही स्थान नव्हतं.

त्यांची माझी गाठ पडली ती माझ्या चुकीनं. बोरी बुद्रुकला एका शेतकऱ्यानं मला नकाशा करायला बोलावलं. रानात एका बाजूला पाणथळ होती. ती सोडून कांदे साठवायची बराख कुठं बसवता येईल ते दाखवून द्यायचं होतं. मी गेले, मोजणीचं मशीन लावलं, जिथं पाणकणीस उभं होतं त्याच्याभोवती एक छान गोल फिरवला आणि बराखीची जागा त्याच्यापासून चांगली लांब दाखवली. जमीन अशी टणक होती की खिळा ठोकताना हातोडी उडत होती. दोन तासांत काम झालं, चहा पिऊन मी घरी आले, आणि स्वतःवर खूश होते.

बराख झाली, कांदा भरला. मग पाटाला आवर्तन सुटलं, म्हणजे पाळीचं पाणी आलं. आठ-दहा दिवसांत बराखीखालची जमीन पाझरायला लागली आणि तळातला कांदा सडला. वास रस्त्यापर्यंत. त्या माणसानं मला फोनवर काय काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण शेवटी तो जे म्हणाला ते मला जास्त लागलं. म्हणाला, तुमच्यापेक्षा पाटकऱ्याला आणलं असतं तर भाकरीवर भागलं असतं.

हा कोण पाटकरी बघू तरी, म्हणून मी तणतणत स्कूटर काढली आणि पारगाव गाठलं. काका अंगणात ओलीच्या हद्दीवर ठोकायच्या खुंट्या तासत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर न करता एकच विचारलं, मोजलं तवा पाट चालू व्हता का बंद? मला माहीत नव्हतं. पाटाकडे बघायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. मग तुमी मोजलं काय, असं ते अगदी शांतपणे म्हणाले. तोंडात मारल्यासारखं झालं मला. काकूंनी चहा दिला तो मी उभ्या उभ्याच प्यायले.

त्यानंतर मी त्यांच्याबरोबर हिंडायला लागले. मशीन माझं, पाय त्यांचे. एका रानाला ते तीनदा जायचे: एकदा पावसाळा सरल्यावर, एकदा आवर्तन चालू असताना आणि एकदा पाट बंद असताना. तिन्ही खेपा झाल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचे नाहीत. कुणी बांधावरून ओरडून विचारलं की ओल किती हाय ओ, तर उलट विचारायचे, कुठल्या महिन्यातली? लोकांना वाटायचं म्हातारा भाव खातोय.

चपला ते बांधावर काढून ठेवायचे. चपला घालून ओल बघणं म्हणजे हातमोजे घालून कणीक मळणं, असं त्यांचं मत. टाच दाबायचे, थांबायचे, पुढं सरकायचे. मातीचं ढेकूळ फोडून उन्हात धरायचे. मुळांच्या कडेनं गंजाच्या तांबूस रेघा दिसल्या की मला बोलवायचे. हे बघा, आता कोरडं हाय, पन इथं पानी बसून गेलेलं हाय. लव्हाळ्याची काडी बोटांत फिरवून तिचे तीन कोपरे मला मोजायला लावायचे. साध्या गवताची काडी गोल फिरते, लव्हाळ्याची अडखळते, आणि लव्हाळा ओलीतच येतो. मला ते इतकं आवडलं की मी घरी नवऱ्याला काड्या आणून दाखवल्या. त्यानं बघितल्यासारखं केलं.

मालकाला ते रानात येऊ द्यायचे नाहीत. मालकानं बांधावर थांबायचं. एक पॉलिहाऊसवाला ऐकेना. गप्पा मारत आमच्याबरोबर चालत राहिला, पोरांची शिक्षणं, टोमॅटोचे हाल, काय काय. काका मध्येच थांबले आणि मागं वळून खुंट्या बघायला लागले. मग एकेक उपटून काखेत घेतली आणि त्या माणसाला म्हणाले, पावणं, तुमी बाभळीखाली बसा. तुमी बोलताय आनि माझा पाय तुमच्या बाजूनं सरकतोय. तो माणूस गेला बिचारा बाभळीखाली. सहाच्या सहा खुंट्या परत ठोकल्या.

एकदाच त्यांना मी हरताना बघितलं, आणि तेही एका मेंढकीबाईपुढं. सुगी झाल्यावर मेंढरं घेऊन येणाऱ्या कुटुंबांपैकी ती म्हातारी. तिची मेंढरं एका रानात चरत होती, पण एका ठरावीक जागेपलीकडे ती त्यांना जाऊ देत नव्हती. काठी आडवी धरायची नि वळवायची. काकांनी कारण विचारलं. ती म्हणाली, तिकडचं गवत खाल्लं की मेंढराच्या जबड्याखाली पाण्याची सूज येती, मरत्यात. आमी सासूच्या काळापासून तिकडं सोडत न्हाई. काकांनी तिला ती हद्द चालून दाखवायला सांगितली. ती पुढं काठी टेकत, मी मागं मशीन घेऊन. मग काकांनी तिथं खड्डे घेतले. सगळीकडे तिची रेघ आणि त्यांची रेघ एक आली, फक्त ओढ्याकडच्या कोपऱ्यात ती ओल सांगत होती आणि काकांची भाकरी कोरडी निघाली. त्यांनी तीनदा खड्डा घेतला, तिन्ही वेळा कोरडा. म्हातारी तोवर पुढच्या गावाला गेली होती.

पाऊस सरल्यावर आम्ही त्या कोपऱ्यात पुन्हा गेलो. गुडघाभर लव्हाळा. काका दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत, जणू लव्हाळा मीच लावला होता. तिसऱ्या दिवशी मोजणीच्या वहीत त्यांनी त्या कडेला 'मेंढकीबाईची रेघ' असं लिहिलं आणि मग भेटेल त्याला हा किस्सा सांगत सुटले. स्वतःची फजिती इतक्या हौसेनं सांगणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

माझी मात्र त्यांनी गय केली नाही. ओलीची हद्द कधी सरळ नसते. कागदावर ती वेडीवाकडी, कुरतडल्यासारखी दिसते, आणि गिऱ्हाइकाला असा नकाशा दिला की त्याला वाटतं बाईला काम येत नाही. म्हणून एकदा मी संध्याकाळी घरी बसून रेघ थोडी सुधारली. कुठं हातभर आत, कुठं हातभर बाहेर. दिसायला छान झाली. काकांनी तो कागद बघितला, चष्मा काढला, पुसला, परत बघितला. पोरी, ही रेघ जमिनीची हाय का तुझी? मी म्हटलं, काका, हातभरानं काय होतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काका माझ्या दारात हजर, एसटीनं आलेले, खांद्यावर पहार. मंचरच्या बाजारातून लोक बघतायत. त्या रानातल्या चौदाच्या चौदा खुंट्या मला परत मोजायला लावल्या, उन्हात, आणि स्वतः सगळा वेळ बांधावर उभे राहिले. तेव्हापासून मी रेघ सुधारत नाही.

हे इतकं सगळं सांगितलं, कारण पुढं जे झालं ते त्याशिवाय कळणार नाही.

काकांची स्वतःची जमीन सहा एकरांच्या आसपास, ते आणि त्यांचा धाकटा भाऊ यांच्यात. भाऊ त्यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, चाकणला कंपनीत, रविवारी शेतात. दोघांचं कधी वाकडं नव्हतं. पण पोरं मोठी झाली, आणि आपल्या हयातीत वाटणी व्हावी असं काकांच्याच मनात आलं. रस्त्याच्या कडेला चांगली काळी जमीन, आणि वरच्या अंगाला दीड एकराचं उपळीचं रान. उपळ म्हणजे जमिनीतून आपोआप वर येणारं पाणी. बारा महिने तिथं चिखल, लव्हाळा, पाणकणीस. ऊस लावला की मुळं कुजायची. भाऊ त्याला खड्डा म्हणायचा.

त्यांच्या भाऊकीत रीत अशी आहे की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरला लबाडी करू शकत नाही. केली तर ती त्याच्याच अंगावर येते. आणि वाटे पाडणाऱ्यानं उचलायच्या आधी तोंड उघडायचं नाही. मला कुठला पाहिजे हे त्यानं नजरेनंसुद्धा दाखवायचं नाही.

काकांनी मला बोलावलं आणि आम्ही त्यांचंच रान मोजलं. तीन खेपा, एकतीस खुंट्या. वरच्या रानात मी त्यांना जितकं हळू खाताना बघितलं तितकं कुठंच बघितलं नाही. शेवटच्या दिवशी दुपारी करंजाखाली बसलो होतो. मी सहज म्हटलं, काका, ही दीड एकर ज्याच्या वाट्याला जाईल त्याचं अवघड आहे. ते म्हणाले, मलाच पायजे ती.

मग त्यांनी सांगितलं. ते सात-आठ वर्षांचे असताना सगळ्या विहिरी आटल्या होत्या. त्यांच्या आईनं या चिखलात झिरा खणला होता, हातभर खोल. ती त्याच्या काठावर बसायची आणि वाटीनं पाणी घेऊन हंडा भरायची. वाटी भरायची, थांबायचं, परत पाणी जमलं की वाटी भरायची. एका हंड्याला सकाळ जायची. आसपासच्या वस्तीवरच्या बाया पाळी लावून बसायच्या. काका शेजारी बसून भाकरी खायचे. धाकटा तवा जल्मला नव्हता, असं म्हणाले.

मला तेव्हा कळलं भाकरीचं.

मी म्हटलं, मग भावाला सांगा की. तर नाही म्हणाले. सांगितलं तर तो मानानं सोडून देईल, आणि उद्या त्याची पोरं म्हणतील की थोरल्यानं पाहिजे तेच घेतलं. रीत ती रीत. शिवाय काळजी कशाला, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघून डोळा बारीक केला. नकाशात त्यांनी ओल पूर्ण दाखवली होती, 'पीक येत नाही' असं स्वच्छ अक्षरात लिहायला लावलं होतं, आणि भरपाई म्हणून त्या वाट्याला खालची कोरडी जमीन थोडी जास्त जोडली होती. कंपनीत काम केलेला माणूस असला चिखल कशाला उचलंल, म्हणाले. रोडकडंचंच उचलनार. त्या दिवशी ते लहान पोरासारखे खूश होते.

वाटणीच्या दिवशी भाऊकीतले चार वडीलधारे आले. बांधावर घोंगडी टाकली, तिच्यावर माझा नकाशा. काका एका बाजूला मान खाली घालून बसले. भाऊ वाकला, नकाशा नीट बघितला, बराच वेळ बघितला. मग त्यानं हात उपळीच्या वाट्यावर ठेवला.

भाऊ म्हणाला, "दादानं उभा जल्म पान्यात काढलाय. आता रोडकडंचं कोरडं त्यानं घ्यावं. ह्या खड्ड्याचं माझं मी बघतो."

वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. एकाचे डोळे भरून आले. मी काकांकडे बघितलं. बोलावं म्हणून मी पुढं सरकले तर त्यांनी मांडीवरची दोन बोटं हलवली, नाही म्हणून. मग उठले आणि भावाच्या खांद्यावर हात ठेवला. घरी जाताना माझ्या स्कूटरवर मागं बसले होते. दारात उतरल्यावर म्हणाले, मॅडम, नकाशा चांगला झाला व्हता. मला स्वतःचाच राग आला, माझ्या नकाशाचा राग आला.

कागदपत्रं झाली. काकांच्या मुलानं रस्त्याच्या कडेला दुकानाचा पाया काढला, म्हणजे अदलाबदलीचीही सोय राहिली नाही. आणि पुढच्या माघात भावानं मला फोन केला. उपळीच्या रानात चर खणून पाणी खाली ओढ्यात काढायचं आणि ऊस लावायचा, असं त्यानं ठरवलं होतं. जेसीबी सांगितला होता. चर कुठून कुठवर घ्यायचा त्याचा नकाशा मी करायचा, आणि ओल कुठवर आहे ते दादा खुंट्या मारून दाखवील, असं तो म्हणाला. काका हो म्हणालेत का, असं मी विचारलं. हो म्हणजे काय, त्याच्याशिवाय कोण सांगनार, असं तो म्हणाला. त्याचंही खरंच होतं.

मी पोचले तेव्हा खुंट्या मारून झाल्या होत्या. काका करंजाखाली बसले होते. एकही खड्डा घेतलेला नव्हता. फडकं नव्हतं, भाकरी नव्हती. मी मशीन लावून एकेका खुंटीवर जायला लागले आणि नवव्या खुंटीला थांबले. जुनी मोजणी माझ्याकडे होती. नवव्या खुंटीपासून पुढची रेघ चाळीस-पन्नास पावलं आत आली होती. खुंट्यांप्रमाणे ओल फक्त खालच्या अर्ध्या रानात, आणि वरचं अर्धं, जिथून उपळ येते ते, झकास कोरडं. खुंटीच्या पलीकडे लव्हाळा माझ्या गुडघ्याला लागत होता.

आणि रेघ कशीही मारलेली नव्हती. जमिनीखाली तिथं मुरमाचा उंचवटा आडवा गेलाय, आमच्या आधीच्या खड्ड्यांत तो सापडला होता. चर त्याच्या खाली थांबला तर वरचं पाणी जागच्या जागी राहतं. काकांनी खोटं बोलायचं ठरवलं तेही हातभर इकडं तिकडं न होऊ देता.

त्या कागदावर माझी सही जाणार होती. मी करंजाखाली गेले आणि हळू आवाजात म्हटलं, काका, नऊपासून सतरापर्यंत खुंट्या आत आल्यात. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"हाय तिथं राहू दे, पोरी."

न चिडता पोरी म्हणाले ते एवढं एकदाच. मला रडायला आलं, खोटं कशाला सांगू. त्या माणसानं मला हातभरासाठी चौदा खुंट्या फिरवलं होतं. मी परत जाऊन मशीन उचललं आणि जे होतं ते मोजत राहिले.

भाऊ जेसीबीवाल्याला घेऊन खालून आला. खुंट्यांच्या कडेकडेनं चालत दाखवत होता, इथून घ्यायचं, असं वळवायचं. जेसीबी वळवायला जागा लागते म्हणून तो रेघेबाहेर आला, दोन पावलं कोरड्यात म्हणून टाकली, आणि त्याचा बूट घोट्यापर्यंत चिखलात गेला. उपटताना बूट खाली राहिला आणि पाय वर आला. जेसीबीवाला हसला, मग आमची तोंडं बघून गप्प झाला.

भाऊ एका पायावर उभा होता. त्यानं खुंटी बघितली, पलीकडचा लव्हाळा बघितला. तो काही खुळा नव्हता. चिखलातून बूट ओढून काढला, हातात घेतला आणि तसाच करंजाखाली आला.

"दादा, तिकडं वल न्हाई म्हनतोस?"

काका म्हणाले, "हाय."

"मग खुंटी आत का?"

"ते मला तसंच ठेवायचंय."

भाऊ खाली बसला. बुटातला चिखल काडीनं काढायला लागला. "वाटनीच्या दिवशी का न्हाई बोललास?"

"वाटं पाडनाऱ्यानं बोलायचं नसतं."

"मी रोडकडंचं तुझ्यासाठी सोडलं, दादा. मला गॅरेज टाकायचं व्हतं तिथं."

हे काकांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. दोघं भाऊ तसे बसले होते, एकाच्या हातात बूट, एकाच्या मांडीवर टोपी. मी मशीनच्या काठीला धरून उभी, जावं की थांबावं ते कळेना. काकांनी झिऱ्याचं सांगितलं ते मग. आईचं, वाटीचं, पाळ्यांचं. भावानं सगळं ऐकलं. आई मला कधी बोलली नाही, एवढंच म्हणाला. काका म्हणाले, तू झालास त्या साली पानी लई व्हतं.

भाऊ उठला, ओला बूट पायात घातला आणि जेसीबीवाल्याकडे गेला. खुंट्याच्या भाईर जायचं न्हाई म्हणून बजावलं. एक बादलीसुद्धा न्हाई, असं परत एकदा सांगितलं. दुपारपर्यंत चर झाला. खालच्या अर्ध्यात आता ऊस असतो. वरचा अर्धा तसाच आहे.

मला वाटलं, संपलं. पण संध्याकाळी मी सामान आवरत होते तर काका आले आणि नकाशात कुठली रेघ काढणार म्हणून विचारायला लागले. मी म्हटलं, आज मोजली ती. ती खोटी हाय, म्हणाले. मी म्हटलं, काका, आता भावानं मान्य केलंय, तुमच्या मनासारखं झालंय, आता कशाला. पण ते काही ऐकेनात. दोनी रेघा काढा, म्हणाले. एकतीस खुंट्यांची काढा आनि ही पन काढा. उद्या कुनी तिसरा मानूस हा कागद बघून वर घर बांधंल. मी हात टेकले आणि दोन्ही काढल्या.

आठवड्यानं प्रिंट घेऊन गेले. भाऊही आला होता, रविवार होता. काकांनी नकाशा ओट्यावर पसरला, चारी कोपऱ्यांवर वाट्या-पेले ठेवले आणि माझ्याकडे पेन मागितलं. आतल्या रेघेखाली बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं, सही केली, आणि कागद भावाकडे सरकवला. भावानं वाचलं. त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि त्यानंही खाली लिहिलं.

काका जाऊन दोन वर्षं झाली. त्या नकाशाची एक प्रत माझ्या ऑफिसात आहे. नवीन आलेली पोरं विचारतात, मॅडम, एकाच ओलीच्या दोन हद्दी कशा? मी म्हणते, खालचं वाचा. काकांचं अक्षर किरटं आहे, वाचायला वेळ लागतो.

'ही रेघ खोटी आहे. मी जाणून मारली.'

त्याच्याखाली भावाचं अक्षर आहे.

'मला मान्य.'